पासावरची माणसं

मुंबईहून तार आली तेव्हा वसुमती नुकतीच कामावरून परतली होती. चामराजपेटेतल्या त्यांच्या घरासमोर तारवाल्यानं सायकल टेकवली, तशी पद्मावतीबाई हात पुसत स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. तार इंग्रजीत होती. त्यांनी ती उलटसुलट पाहिली आणि मुलीच्या हातात दिली.

"चंदूची का गं? काय म्हणतो?"

चंद्रकांत म्हणजे वसुमतीचा धाकटा भाऊ. वडील गेल्यानंतर तो मुंबईला एका रंगाच्या कारखान्यात नोकरीला लागला होता. तार त्याची नव्हती, कारखान्याची होती. वसुमतीनं ती वाचली. आईला काय सांगावं, किती सांगावं, याचा विचार करायला तिला दोन श्वासांपुरताही वेळ मिळाला नाही, कारण आई तिच्या चेहऱ्याकडे बघत होती.

"कारखान्यात बॉयलर फुटलाय, आई. चंदू भाजलाय. इस्पितळात आहे. तुला बोलावलंय."

पद्मावतीबाई रडल्या नाहीत. त्या आत गेल्या, चुलीवरचं भांडं उतरवलं, आग विझवली, आणि बाहेर येऊन म्हणाल्या, "उद्याच्या विमानानं जाते मी. रेल्वेनं पोचेपर्यंत फार उशीर होईल."

जणू बसनं जायचं होतं! यात त्यांचं काही चुकत नव्हतं. वसुमती ज्या कंपनीत नोकरीला लागली ती 'कावेरी एअरवेज' लहान कंपनी होती. विमानं मोजकी, माणसं मोजकी, सगळे एकमेकांना ओळखणारे. जागा रिकामी नेण्यापेक्षा आपलं माणूस न्यावं, असं मालक म्हणायचे. विमान सुटायच्या आधी काउंटरवरच्या माणसानं मान हलवली की कुणाची आई, कुणाची बायको, कुणाचा म्हातारा बाप शिडी चढून आत बसायचा. चंदूचं बिऱ्हाड लावून द्यायला पद्मावतीबाई स्वतः अशाच गेल्या होत्या, आणि येताना खिडकीतून दिसलेल्या नद्यांचं वर्णन शेजारपाजारी महिनाभर करत होत्या.

पण मागच्या ऑगस्टात सरकारनं सगळ्या विमान कंपन्या एकत्र करून एकच कॉर्पोरेशन केलं. कावेरी गेली, मद्रासची मोठी 'कोरोमंडल' गेली, दोन्हीकडची माणसं एका छताखाली आली. बंगलोरच्या विमानतळावरच्या त्या एकाच खोलीत कावेरीवाले खिडकीकडे बसायचे आणि कोरोमंडलवाले दाराकडे. पगाराचं, हुद्द्याचं सगळं भिजत पडलं होतं. अखेरची ज्येष्ठतेची यादी होईपर्यंत लहान कंपन्यांतली जुनी नोकरी निम्मीच धरायची, असा हुकूम निघाला होता. आणि कर्मचाऱ्यांच्या घरच्यांना, म्हणजे फुकट पासावरच्या प्रवाशांना, रिकाम्या जागा त्या ज्येष्ठतेनं द्यायच्या होत्या. कर्मचारी जेवढा वरचा, तेवढा त्याच्या घरच्यांचा नंबर आधी.

त्याचा अर्थ कावेरीवाल्यांना लवकरच कळला. सामान चढवणाऱ्या टोळीचा मुकादम आप्पाजी बेळगावकडचा, कंपनीच्या पहिल्या विमानापासूनचा माणूस. पुतणीच्या लग्नाला निघालेला आप्पाजी नवं धोतर नेसून बाकावर बसून राहिला आणि त्याच्या डोळ्यांदेखत कोरोमंडलचे दोन तरुण कारकून क्रिकेटचा सामना बघायला मुंबईला उडाले. त्या दिवसापासून खिडकीकडची माणसं दाराकडच्या माणसांशी कामापुरतंच बोलू लागली.

"उद्याचं विमान भरलंय, आई," वसुमती म्हणाली. "तिकीट काढावं म्हटलं तरी जागा नाही. सुट्ट्यांचे दिवस आहेत. कुणी आलं नाही तरच पासावर जागा मिळेल. तीसुद्धा माझ्या वरच्या कुणाचा पास नसला तर."

"तूच तर तिथं असतेस ना?"

"असते."

"मग झालं तर," म्हणून पद्मावतीबाई कपडे बांधायला लागल्या.

सकाळी ऑफिसच्या गाडीनं दोघी विमानतळावर पोचल्या. आईला बाकावर बसवून वसुमती काउंटरमागे गेली. स्टेशन सुपरिंटेंडेंट त्या सकाळी गावातल्या ऑफिसात होते, म्हणजे विमान सुटेपर्यंतची जबाबदारी वसुमतीवर होती. तिच्याबरोबर दामोदर होता. तोही कावेरीचाच, बोलायला तिखट आणि युनियनच्या सभांत पुढं बसणारा. आईला बघून तो म्हणाला, "काय, तीर्थयात्रा?" वसुमती नुसती हसली. तिनं आप्पाजीखेरीज कुणालाही काही सांगितलं नव्हतं. सांगायला लागली असती तर तिचा आवाज फुटला असता, आणि समोर प्रवाशांची रांग होती.

रांग संपत आली तसं एका प्रवाशानं तिकीट रद्द केल्याचा फोन आला. एक जागा! वसुमतीनं बाकाकडे पाहिलं. आई पदर सावरून ताठ बसली होती.

तेवढ्यात दारातून कनकम्मा आत आल्या. हिशेब खात्याचे अधिकारी वरदराजन यांची ही बायको. वरदराजन कोरोमंडलचे, यादीत पुष्कळ वर. कनकम्मांच्या अंगावर जरीची साडी, हातात फुलांची परडी, मागून हमाल मोठी ट्रंक घेऊन येत होता. त्यांनी पास काउंटरवर ठेवला आणि कन्नडमध्ये विचारलं, "जागा आहे ना? मला आज पोचायलाच हवं. उद्या लग्न आहे."

"एक आहे," ती म्हणाली.

दुसरं काही म्हणता आलं नसतं. तिनं कार्ड लिहून दिलं. कनकम्मांनी ते घेतलं, कार्डावर वजन टिपायला सगळ्या प्रवाशांसारख्या वजनकाट्यावर उभ्या राहिल्या आणि मग बाकावर, पद्मावतीबाईंपासून थोड्या अंतरावर, परडी मांडीवर घेऊन बसल्या. दामोदर हळूच म्हणाला, "लग्नाला चालली स्वारी. आणि आपली माणसं बाकावर."

आता एकच आशा उरली होती. यादीतला एक प्रवासी अजून आला नव्हता. डी. पाटील, निपाणी. वसुमतीची नजर घड्याळावरून रस्त्याकडे आणि रस्त्यावरून घड्याळाकडे जात राहिली. एका अनोळखी माणसानं येऊ नये, त्याच्या गाडीचं काहीतरी बिघडावं, असं आपण मनापासून मागतो आहोत हे तिच्या ध्यानात आलं आणि तिला स्वतःची लाज वाटली. पण मागणं थांबलं नाही.

काउंटर बंद करायची वेळ झाली. पाटील आले नाहीत. वसुमतीनं आईचं कार्ड लिहिलं.

"चल, आई. जागा मिळाली."

पद्मावतीबाईंचं गाठोडं आप्पाजीनं स्वतः उचललं. "चला मावशी," म्हणत तो त्यांना विमानापर्यंत घेऊन गेला. कनकम्मा त्यांच्या पुढं चालत होत्या. डकोटा विमान शेपटीवर टेकून, नाक वर करून उन्हात उभं होतं. आई शिडीवर एकेक पायरी जपून चढली आणि दारात दिसेनाशी झाली. वसुमतीनं काउंटरवर दोन्ही हात टेकले. कालपासून ती पहिल्यांदा नीट श्वास घेत होती.

त्याच वेळी फाटकातून एक टॅक्सी धूळ उडवत आत शिरली.

टॅक्सीतून उतरलेला माणूस पन्नाशीचा होता. डोक्याला रुमाल, धोतर गुडघ्यापर्यंत मळलेलं, हात काळे. धावत येऊन त्यानं तिकीट काउंटरवर ठेवलं आणि कन्नडमध्ये, धापा टाकत सांगायला लागला. अलसूरच्या पुढं टायर फुटला, ड्रायव्हरबरोबर मीच चाक बसवलं, विमान अजून आहे ना, मला दिसतंय, ते तिथंच उभं आहे.

दामोदर पुढं झाला. "काउंटर बंद झाला. तुमची जागा दिली गेली." मग मराठीत, खालच्या आवाजात तिला म्हणाला, "शिडी काढली म्हणून सांग. एवढ्यात काढतीलच. कोण विचारतंय?"

पण ते खरं नव्हतं. शिडी अजून लावलेली होती. आणि सुपरिंटेंडेंटांचा पक्का हुकूम होता की शिडी काढेपर्यंत तिकिटाचा प्रवासी आला तर त्याला न्यायचंच, पासावरचं माणूस उतरवायचं. कॉर्पोरेशनवर वर्तमानपत्रं टपून बसली होती. प्रवासी मागे ठेवून नोकरांचे नातेवाईक नेले, अशी एक बातमी मद्रासला छापून आलीसुद्धा होती.

त्या माणसानं दामोदरचं बोलणं ऐकलं होतं. तो एकदम मराठीत बोलायला लागला.

"बाई, तुमी मराठी हाय? मग माझं ऐका. मी देवाप्पा पाटील, निपाणीचा. तंबाखूचा धंदा हाय माझा. माझी ल्येक उद्या सकाळी बोटीनं आफ्रिकेला निघाली. तिच्या लग्नाला मी गेलो न्हाई, बाई. मनाविरुद्ध केलं म्हणून तोंड बघितलं न्हाई तिचं. परवा इथं कळलं, जाणार म्हणून. आता गेली की कवा यायची? मी असणार हाय का तवर?"

तो रडत नव्हता, ओरडत नव्हता. त्याचे चाकाच्या वंगणानं माखलेले हात काउंटरच्या कडेला घट्ट धरलेले होते. मागच्या बाजूला विमानाकडून कुणीतरी शिट्टी वाजवली. शिडीजवळचा माणूस वसुमतीच्या खुणेची वाट बघत होता.

"थांबा," ती म्हणाली. आप्पाजी विमानापासून परतला होता. "आप्पाजी, यांना घेऊन या." आणि ती उन्हात चालायला लागली.

नियम सरळ होता. पासावरचे दोन प्रवासी आत बसले होते. त्यातला खालच्या नंबरचा उतरवायचा. खालचा नंबर आईचा. आपल्याच आईला हाताला धरून खाली आणायचं आणि सांगायचं, उद्या बघू. उद्याचं विमानही भरलेलं होतं. आणि चंदूला उद्या आहे की नाही हे कुणाला ठाऊक! चालता चालता तिला आप्पाजीचं नवं धोतर आठवलं, जरीची साडी आठवली, 'उद्या लग्न आहे' हे शब्द आठवले. पण तिनं त्या मैदानावर चालताना निर्णय घेतला, असं म्हणणं खरं होणार नाही. शिडी चढेपर्यंत आपण काय करणार हे तिला माहीत नव्हतं.

आत उकाडा होता. जमीन चढावासारखी वर गेलेली. पद्मावतीबाई दारालगतच्या, शेवटच्या जागेवर बसल्या होत्या. डोळे मिटलेले, ओठ हलत होते. वसुमतीची चाहूल लागताच त्यांनी डोळे उघडले, आणि मुलीचा चेहरा बघून त्यांना सगळं समजलं.

"उतरू का गं मी?" त्यांनी हळूच विचारलं. लगेच पट्टा सोडायला हातसुद्धा नेला.

त्या हाताकडे वसुमतीला बघवेना. "नाही. तू बस," ती म्हणाली आणि पुढं गेली.

कनकम्मा खिडकीशी होत्या. वसुमती त्यांच्यासमोर उभी राहिली. "अम्मा, तुम्हाला उतरावं लागेल. तिकिटाचा प्रवासी आला आहे."

कनकम्मांना प्रथम समजलंच नाही. मग त्यांनी मागे वळून पाहिलं. "आणि त्या? त्याही पासावरच आहेत. माझ्यानंतर कार्ड मिळालं त्यांना. मी बघितलंय."

"तुम्ही उतरा, अम्मा. वेळ नाही."

"पण मीच का? माझा नंबर आधीचा आहे. कोण आहेत त्या?"

आजूबाजूचे प्रवासी बघत होते. एका गोऱ्या प्रवाशानं कंटाळून घड्याळ पाहिलं. वैमानिकाच्या खोलीतून कुणीतरी डोकावून विचारलं, काय खोळंबा आहे? वसुमतीनं त्याला हातानं थांबवलं आणि कनकम्मांना म्हणाली, "या स्टेशनवर आत्ता माझा हुकूम चालतो. उतरा."

हे ती ज्या आवाजात म्हणाली तो आवाज तिनं स्वतःही पूर्वी ऐकला नव्हता. कनकम्मांचा चेहरा लाल झाला. त्या उठल्या. उतरत्या वाटेवरून चालताना परडी कुणाच्या तरी कोपराला लागून कलंडली आणि मोगरा, अबोली सगळी पायांत सांडली. कुणीतरी वेचून द्यायला वाकलं, पण त्या थांबल्या नाहीत. पद्मावतीबाईंच्या बाजूनं जाताना त्यांनी एकदाच त्यांच्याकडे पाहिलं. पद्मावतीबाईंनी मान खाली घातली.

शिडीवरून कनकम्मा उतरल्या आणि देवाप्पा पाटील चढले. दार लागलं. ट्रंक विमानाच्या पोटात पार आत, सगळ्या सामानाच्या खाली होती. ती काढायला वेळ नव्हता. ती तशीच मुंबईला गेली. इंजिनं सुरू झाली, धुळीचा लोट आला, आणि कनकम्मा रिकामी परडी धरून त्या धुळीत उभ्या राहिल्या.

"माझी ट्रंक," त्या म्हणाल्या. "मुलीची साडी आहे त्यात."

दुपारपर्यंत विमानतळावर दुसरा विषय नव्हता. वरदराजन आले, सुपरिंटेंडेंट आले. वरदराजन सभ्य गृहस्थ होते. ओरडले नाहीत, पण वसुमतीकडे न बघता सुपरिंटेंडेंटांना म्हणाले, "माझ्या बायकोला चोरासारखं उतरवलं. स्वतःच्या आईसाठी." तोपर्यंत ती बाई वसुमतीची आई होती हे कुणीतरी सांगितलं होतं. वसुमतीला काउंटरवरून उठवलं गेलं आणि चौकशी होईपर्यंत घरी बसायला सांगितलं.

संध्याकाळी दामोदर घरी आला. बरोबर कावेरीची आणखी दोघं होती. दामोदरच्या डोळ्यांत चमक होती. "घाबरू नकोस. आम्ही सगळे मागे आहोत. चौकशीत एवढंच सांग की ऊन तापत चाललं होतं, तापल्या हवेत विमान कमी वजन उचलतं, म्हणून वजन कमी करायला हवं होतं. दोघींत जड कोण? कनकम्मा. वजनाचा आकडा त्यांच्या कार्डावर आहेच. म्हणून त्यांना उतरवलं. याला कुणी बोट लावू शकत नाही."

वसुमतीनं चुलीतलं लाकूड पुढं सारलं.

"काय विचार करतेस? त्यांनी आपल्याला काय काय केलं ते विसरलीस?"

"विसरले नाही," ती म्हणाली. "पण त्या बाईंना मी एकदा सगळ्यांसमोर उतरवलं. आता तुम्ही जाड होता म्हणून उतरवलं, असं पुन्हा चारचौघांत सांगू?"

"मग नोकरी जाईल तुझी."

"जाईल कदाचित."

दामोदर चिडून गेला. वसुमती एकटीच घरात राहिली. चंदूची काही बातमी नव्हती. चुलीपाशी बसून ती रस्त्यावरच्या प्रत्येक सायकलच्या घंटेकडे कान लावत होती. तिसऱ्या दिवशी तार आली. चंद्रकांत शुद्धीवर होता. आईला ओळखलं होतं.

आईनं तिला पुढं सगळं सांगितलं. ती पोचली तेव्हा चंदू कुणाला जवळ येऊ देत नव्हता, औषध घेत नव्हता. पहिले दोन दिवस तो जगेल असं डॉक्टरही म्हणत नव्हते. आई त्याच्या उशाशी बसून राहिली. तो जगला. उजव्या हाताची बोटं मात्र कायमची आखडली. देवाप्पा पाटलांबद्दलही आईनं सांगितलं. कनकम्मांच्या जागेवर ते बसले होते. विमान हलायला लागलं तसं त्यांना मळमळायला लागलं, तेव्हा आईनं आपल्या कनवटीची लवंग मागून पुढं त्यांच्याकडे पाठवली. मुंबईला उतरताच नमस्कार करून ते धावत सुटले. मुलगी भेटली की नाही, कोण जाणे!

चौकशीला मद्रासहून एक अधिकारी आले. वयस्क, शांत, अर्धं विझलेलं चिरूट हातात घेऊन बोलणारे. दोन्ही कंपन्यांपैकी कुठल्याच कंपनीचे नसलेले.

"पासांचा क्रम तुम्हाला माहीत होता?"

"होता."

"कोणाला उतरवायला हवं होतं?"

"माझ्या आईला."

"विमानाच्या वजनाचा काही प्रश्न होता, असं तुमचे सहकारी सांगतात."

खोलीत दामोदरही बसला होता. वसुमतीनं त्याच्याकडे पाहिलं नाही. "वजनाचा प्रश्न नव्हता. माझा भाऊ मरणाच्या दारात होता. म्हणून मी आईला ठेवलं."

अधिकारी काही क्षण लिहीत राहिले. मग मान वर न करता त्यांनी विचारलं, "हे तुम्ही मिसेस वरदराजनना सांगितलंत?"

"नाही."

"का?"

वेळ नव्हता, हे उत्तर वसुमतीच्या जिभेवर होतं. पण 'उतरा' म्हणायला वेळ मिळाला होता; 'माझा भाऊ मरतोय' म्हणायला याहून जास्त लागला नसता. काउंटरवर तर दोघी समोरासमोर होत्या. बाकावर तर त्या आईच्या शेजारी बसल्या होत्या.

"माहीत नाही," ती म्हणाली.

नोकरी गेली नाही. तिचे पास बंद झाले, बढती थांबली आणि विमानतळावरून तिची बदली गावातल्या बुकिंग ऑफिसात झाली. तिथं तिला दिवसभर टेलिफोनवर बोलावं लागे; विमान दिसत नसे. कावेरीवाल्यांनीही तिला माफ केलं नाही. आपल्यावरच्या अन्यायाचं चांगलं प्रकरण हातात आलं होतं ते हिनं खरं बोलून घालवलं, असं दामोदर उघड म्हणायचा. आप्पाजी तेवढा महिन्यातून एकदा चामराजपेटेत येऊन चंदूची चौकशी करून जायचा. वर्षअखेरीस नवा हुकूम निघाला की घरात मृत्यू किंवा गंभीर दुखणं असेल तर ज्येष्ठता न बघता पासावर जागा द्यावी. तो वसुमतीमुळं निघाला की कुठल्या दुसऱ्या गावच्या दुसऱ्या कुणामुळं, हे कुणाला सांगता आलं नाही.

पद्मावतीबाई चंदूला घेऊन रेल्वेनं परत आल्या. घर लावून झालं, चंदू डाव्या हातानं जेवायला शिकला, आणि एके दिवशी त्या म्हणाल्या, "वसू, त्या बाईंकडे जायचं मला."

"कशाला? त्या आपल्याला दारात उभं करणार नाहीत."

"नाही केलं तर येऊ परत."

वरदराजन राजाजीनगरला राहायचे. वस्ती नवी होती. रस्ते आखलेले, पण झाडं अजून कमरेएवढीसुद्धा नव्हती. दार कनकम्मांनीच उघडलं. दोघींना बघून त्या क्षणभर तशाच उभ्या राहिल्या. मग बाजूला झाल्या. "या."

चटईवर तिघी बसल्या. कनकम्मांनी पाणी आणून दिलं. पद्मावतीबाई त्यांच्या मोडक्यातोडक्या नव्हे, चांगल्या घरगुती कन्नडमध्ये म्हणाल्या, "त्या दिवशी मीच उठायला हवं होतं. मला समजलं होतं. हिनं बस म्हटलं आणि मी बसले. पोरगा दिसत होता डोळ्यांपुढं. तुमची माफी मागायला आले."

"मुलगा कसा आहे?"

"आहे. हात गेला, पण आहे."

कनकम्मांनी मान हलवली. मग त्या म्हणाल्या, "माझी थोरली बहीण मुलगी लहान असतानाच गेली. ती मुलगी माझ्याकडं वाढली, नंतर बापाकडं मुंबईला गेली. लग्नात आईच्या जागी मी बसणार होते. तिच्या काकूला बसवलं." त्या वसुमतीकडे वळल्या. "ट्रंक मात्र पोचली वेळेवर."

वसुमतीनं मान वर केली. "मला वाटलं होतं..." ती म्हणाली आणि थांबली.

"काय वाटलं होतं ते मला ठाऊक आहे. जरीची साडी नेसून मिरवायला चाललीय. होय ना? तुमच्या लोकांना आमच्याबद्दल असंच वाटतं. आमच्या लोकांनाही तुमच्याबद्दल काहीबाही वाटतं. बरं, ते असू दे. पण तू मला विचारलं नाहीस. मी बाकावर तुझ्या आईशेजारी बसले होते. विमानात तुला विचारलं, कोण आहेत त्या. तू म्हणालीस, उतरा."

"विचारलं असतं तर उतरला असतात?"

हे विचारायला नको होतं, असं वसुमतीला विचारताच वाटलं. पण कनकम्मा रागावल्या नाहीत. त्यांनी खिडकीबाहेर, नव्या रस्त्याकडे पाहिलं.

"रोज विचार करते मी त्याचा," त्या म्हणाल्या. "कधी वाटतं, लगेच उठले असते. कधी वाटतं, नसते उठले. माझी मुलगी तिथं माझी वाट बघत होती. तू विचारलं असतंस तर कळलं असतं. तुलाही आणि मलाही. आता कसं कळणार?"

पद्मावतीबाईंनी पदराला डोळे पुसले.

निघताना कनकम्मांनी आतून कुंकवाचा करंडा आणला आणि वसुमतीच्या कपाळाला कुंकू लावलं. बोट कपाळावर टेकलं तेव्हा दोघींची नजर एकमेकींना भिडली. मग कनकम्मांनी ती काढून घेतली. पुन्हा या, असं त्या म्हणाल्या नाहीत.

दोघी मायलेकी बसच्या थांब्यापर्यंत चालत आल्या. तिथं सावली नव्हती. पद्मावतीबाईंनी पदर डोक्यावर घेतला.

"आत घेतलं, पाणी दिलं त्यांनी," त्या म्हणाल्या.

"हो," वसुमती म्हणाली, आणि बस येते का ते बघायला रस्त्याच्या कडेला जाऊन उभी राहिली.